पेढ्यांच्या डब्यातली पाचवी काच

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. मला ते मान्य नाही. नाकाच्या शेंड्यावर माझा चष्मा असतो. राग असतो तो थेट तोंडात. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत गेली बावीस वर्षं माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. गाठीत बारीक सुई घालून पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या, आणि मायक्रोस्कोपखाली बघून गाठ साधी की वाईट ते लिहून द्यायचं, हे माझं काम. डॉक्टरीतली ही शाखा मी निवडली कारण पेशी उलट बोलत नाहीत. माणसं बोलतात, आणि मग माझं तोंड सुटतं.

माझ्या तोंडाचा मार सगळ्यात जास्त खाल्ला तो आमच्या टेक्निशियननी. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करूनच झापते. त्यांचे वडील नाशिक रोडला नोटा छापायच्या प्रेसमध्ये छपाईतले दोष शोधायच्या कामावर होते. घरी लग्नपत्रिका आली तरी वडील ती आधी उजेडाकडे धरून बघायचे आणि मग कोणाचं लग्न आहे ते वाचायचे. मुलगा त्याच वळणाचा. काच रंगवून झाली की माझ्या टेबलावर आणायच्या आधी ते स्वतः मायक्रोस्कोपखाली घालून स्वच्छ आहे का बघणार. पेशी कसल्या आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. डाग नको, बस्स.

तरीही दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास आमच्या काचांवर कचरा यायला लागला. रंग नीट गाळला नाही की काचेवर जांभळे कण बसतात, आणि पेशी बघायच्या सोडून मी कण बघत बसते. पहिल्या दिवशी मी समजावलं. दुसऱ्या दिवशी आवाज चढला. तिसऱ्या दिवशी समोरच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा कळलं की आमच्याकडे रंग गाळत नाहीत.

"मॅडम, मी दोनदा गाळतो," ते म्हणाले. "बाटलीच खराब येतेय."

"नाचता येईना अंगण वाकडं!" मी म्हटलं. "आता नीट ऐका. काचेवर एक कण जरी दिसला, तरी ती काच माझ्यासमोर आणायची नाही. स्पिरिटनं धुवा, परत रंगवा, मगच आणा. मला कचरा दिसता कामा नये."

"बरं मॅडम."

हे "बरं मॅडम" म्हणजे एक नंबरचं घातक प्रकरण आहे. ते एकदा म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी काम तसंच्या तसं होणार. त्याच आठवड्यात लिलाववाले अण्णा आले.

अण्णा हे त्यांना मार्केटात म्हणतात, मीही तेच म्हणते. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, उजव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ. पिंपळगावच्या बाजूला कांद्याच्या मार्केटात लिलाव पुकारायचं काम. खुर्चीवर टेकायच्या आधीच सुरू झाले.

"मॅडम, मोठ्या डॉक्टरांनी तुमच्याकडं धाडलं. गाठ काढावी लागंल म्हणतेत. म्या म्हनलं, काढा. तर म्हणे, गाठीमधून एक शीर जाती. तिला धक्का लागला तर तोंड वाकडं व्हतं, डोळा मिटत नाय. आता मला सांगा, माझं अख्खं घर या तोंडावर चालतंय. वाकड्या तोंडानं कोन लिलाव पुकारंल वो? सुईत साधं निघालं तर कापायचं नाय, औषधावर भागंल, असं म्हणले ते. तुमच्या हातात हाय बगा समदं."

खोटं नव्हतं. कानाखाली लाळेची ग्रंथी असते, तिच्यातून चेहऱ्याची नस जाते, आणि कापायचं की नाही ते माझ्या कागदावर ठरणार होतं. हे मोठे डॉक्टर म्हणजे सर्जन, माझा कॉलेजातला मित्र. चांगला हात आहे त्याचा, पण तोही पेशंटला चित्रात नस दाखवल्याशिवाय सही घेत नाही.

"तोंड मिटा," मी सुई हातात घेऊन म्हटलं.

"मिटलं."

"मिटलं असं बोलू नका."

"नाय बोलत."

"अहो!"

"आता खरंच मिटलं मॅडम. फक्त येक सांगायचं ऱ्हायलं. जेवताना गाठ जास्ती फुगती. लोनच्याची फोड तोंडात टाकली की आलीच वर. आन् मग घंट्याभरानं—"

"जेवढं विचारलंय तेवढंच सांगा," मी म्हटलं, आणि सुई घातली.

इथं मी स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्यायला हव्या होत्या. खाताना फुगणारी गाठ म्हणजे लाळेची वाट अडलेली असण्याची शक्यता, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारलं तरी सांगतील. पण मला त्या दिवशी शांतता हवी होती. गाठीतून चिकट, गढूळ पाणी आलं. टेक्निशियननी पाच काचा केल्या आणि आत नेल्या.

संध्याकाळी टेबलावर चार काचा होत्या. मी मोजल्या नाहीत. काचा मात्र काय सुरेख होत्या! कण नाही, डाग नाही, कचऱ्याचं नाव नाही. आणि पेशींचंही जवळजवळ नाही. पुसट ओघळ, थोडासा चिकट स्राव, चार-दोन सुजेच्या पेशी. त्या ग्रंथीत असा चिकट स्राव दिसला की मनात एक पाल चुकचुकते, कारण हळूहळू वाढणारा एक कॅन्सर असाच गुळगुळीत वेषात येतो. खरं तर मी पुन्हा सुई घालायला बोलवायला हवं होतं. पण पुन्हा तो माणूस, पुन्हा ते तोंड! मी लिहिलं, नमुना अपुरा आहे, कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही. असं लिहिलं की आमची जबाबदारी संपते आणि सर्जनची सुरू होते.

सर्जनचा फोन आला. "अगं, नाकारता येत नाही म्हणजे काढतो. गुरुवारी घेतो. बुधवारी संध्याकाळी ॲडमिट."

"घे," मी म्हटलं, आणि दुसऱ्या काचांकडे वळले.

बुधवारी सकाळी दहा वाजता आमच्याकडे पुन्हा रंगावरून महाभारत झालं. नवी बाटली फोडली होती आणि पहिल्याच काचेवर कण. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण शेवटी "लाज वाटत नाही का" हे होतं. टेक्निशियन आत गेले, कपाटातून पेढ्यांचा एक रिकामा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. डब्यात टीपकागदावर ओळीनं काचा. प्रत्येकीच्या कडेला तारीख, पेशंटचा नंबर, बाटली कधी फोडली ते, रंग किती वेळा गाळला ते, सगळं बारीक अक्षरात.

"हे काय?"

"पुरावा," ते म्हणाले. "तुम्ही धुवायला सांगितलंत, मी धुतल्या. पण कचरा आलेल्या केसमधली एकेक काच न धुता ठेवली. दोनदा गाळूनसुद्धा कण येतात, हे कधीतरी कोणीतरी बघेल म्हणून. सव्वीस वर्षं झाली मॅडम या कामात. मला लाज वाटते. म्हणूनच ठेवल्या."

मी डब्यातली एक काच उचलून मायक्रोस्कोपखाली सरकवली. कण होते. दुसरी. कण. तिसरीवरही तसेच कण, पेशींच्या वर तरंगणारे. माणूस खरं बोलत होता, बाटल्याच खराब होत्या. ओशाळत मी पुढची घातली आणि हात थांबला.

हा कचरा नव्हता. चौकोनी, आयताकृती, टोकदार, धारदार कडांचे तुकडे. फरशा एकावर एक रचाव्यात तसे काही ठिकाणी थर. फोकस वर नेला, खाली आणला. रंगाचे कण पेशींच्या वरच्या पातळीवर बसतात, हे तुकडे पेशींच्या मधेच होते, त्याच पाण्यात रुतलेले. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ना, ती लाळेतल्या ज्या द्रव्यामुळे, तेच द्रव्य लाळ साचून राहिली की कधी कधी असं गोठतं. हे स्फटिक मी अख्ख्या आयुष्यात दोनदा पाहिले होते, त्यातलं एकदा पुस्तकात. एकट्या स्फटिकांवर कोणी निकाल देत नाही. पण सुजेच्या पेशी आहेत, वाईट पेशी एकही नाही, आणि जोडीला हे, म्हणजे गाठ बहुतेक साधी. साचलेल्या लाळेची.

काचेच्या कडेवरची तारीख आणि नंबर वाचला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अण्णांची पाचवी काच.

"बाकीच्या चार?"

"धुतल्या मॅडम. एकेक तीनदा. निघतच नव्हता हो हा कचरा."

मी सर्जनला फोन लावला. तो सगळं ऐकून म्हणाला, "अगं बाई, आठवड्यापूर्वी कॅन्सर नाकारता येत नाही म्हणालीस, आता एका काचेवर खडे दिसले म्हणतेस. आज त्याची सुई पुन्हा कर, ताज्या काचांवर दाखव, मी थांबवतो. पण संध्याकाळच्या आत. एकदा ॲडमिट झाला, भूलवाले येऊन गेले, की गाडी सुटली."

अण्णांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद. नऊ वेळा. लिलाव चालू असताना तो माणूस फोन कशाला उचलेल? मी पर्स घेतली. "तुमची गाडी काढा," मी टेक्निशियनना म्हटलं. "आणि डबा घ्या."

"बरं मॅडम."

महामार्गावर मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे, मांडीवर पेढ्यांचा डबा, डोक्याला त्यांच्या बायकोचं गुलाबी हेल्मेट. ओझरच्या पुलावर ते मान वळवून म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण डबा आडवाच धरा." मी आडवा धरला. त्या दिवशी त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं.

मार्केटात कांद्याच्या ट्रॅक्टरच्या लांबच लांब ओळी लागल्या होत्या. एका ओळीत अण्णा, त्यांच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका. ट्रॅक्टरपाशी आले की व्यापारी ढिगात हात घालणार, ओंजळभर कांदे वर काढून उलटेपालटे करणार, अण्णा भाव पुकारायला लागणार, आणि मिनिटाभरात घोळका पुढच्या ट्रॅक्टरवर. काय आवाज होता! गिरणीच्या भोंग्यासारखा खणखणीत, एकही अक्षर अडखळत नव्हतं. मी पळत जाऊन समोर उभी राहिले.

"अण्णा, थांबा! ऑपरेशनचं बोलायचंय!"

त्यांनी मला ओळखलं, चेहरा पांढरा पडला, पण पाय थांबले नाहीत. "मॅडम, ओळ सुरू झाली की मधी सोडायची नाय. मागच्याचा माल आडून बसतो, त्याचा तळतळाट लागतो. चालता चालता बोला."

त्यांना कान मोकळा मिळायचा तो फक्त एका ट्रॅक्टरपासून दुसऱ्यापर्यंतच्या पाच-सहा पावलांत. त्यामुळे माझ्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा कबुलीजबाब मी हप्त्याहप्त्यानं दिला.

"तुमच्या रिपोर्टात चूक झालीय!" पहिली पाच पावलं संपली. भाव पुकारले गेले. माल गेला.

"कसली चूक?"

"काचा धुतल्या गेल्या! त्यावरचं महत्त्वाचं निघून गेलं!" पुन्हा ट्रॅक्टर.

ट्रॉलीवर बसलेला एक म्हातारा शेतकरी खाली वाकला. "काय गेलं धुवून, ताई?"

"स्फटिक!"

"आँ?"

"खडे हो, खडे! लाळेचे!"

म्हाताऱ्याचा माल विकला गेला होता. तो ट्रॉलीवरून उतरला आणि आमच्याबरोबर चालायला लागला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. पाचव्या ट्रॅक्टरपर्यंत माझ्यामागे पंधरा-वीस माणसं होती, आणि कोणी तरी मागच्यांना आधीचा भाग थोडक्यात सांगत होतं. "अण्णाच्या गाठीचे खडे यांनी धुतले." "कोन बाई?" "डाक्टरीण हाय." "मग आता?" "सांगतीय ना, दम धर."

टेक्निशियन डबा छातीशी धरून मागून ओरडले, "मी धुतल्या! मॅडमची चूक नाही!"

"तुम्ही गप्प बसा!" मी वळून ओरडले. "धुवायला मी सांगितलं होतं! तुम्ही खरं बोलत होतात आणि मी ऐकलं नाही! यांनी लोणच्याचं सांगितलं तेही मी ऐकलं नाही! सगळी चूक माझी!"

नाशिक जिल्ह्यातल्या इतक्या कांद्यासमोर मी हे बोलले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. टेक्निशियनचे डोळे भरले, त्यांनी बरं मॅडम म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"चूक ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "म्होरं काय ते सांगा."

"एक काच यांनी जपून ठेवली होती. त्यावरून गाठ साधी वाटतेय. आज पुन्हा सुई घालायची. तसंच दिसलं तर ऑपरेशन नाही."

पुढचा ट्रॅक्टर आला. व्यापाऱ्यांनी कांदे वर काढले. अण्णांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. नाही. ट्रॉलीवरचा तरणा शेतकरी कासावीस झाला. "अण्णा, पुकारा ना, माझा माल हाय!" मघाचा म्हातारा त्याच्यावर डाफरला, "जरा थांब की लेका, मानसाचं काय चाललंय ते बघ." अण्णांनी टोपी काढून तोंड पुसलं, खाकरले, आणि घोगऱ्या आवाजात पुकारायला लागले. अजून अकरा ट्रॅक्टर होते. त्यांनी ओळ पुरी केली, आणि मगच स्वतःच्या मोटरसायकलला किक मारली.

दुपारी तीनला लॅबमध्ये मी पुन्हा सुई घातली. या वेळी आधी विचारलं, जेवण काय झालंय, गाठ कधी फुगते, कधी बसते. ते "हा", "नाय" एवढंच म्हणाले. तोंड मिटा असं सांगावं लागलं नाही. मला ते सहन होईना.

सहा काचा झाल्या. "रंग गाळू का?" टेक्निशियननी विचारलं.

"गाळा हो! गाळायचा नाही असं कधी म्हटलं मी?" सवय कुठे जाते! मग आवाज खाली आणला. "दिसेल ते दिसू द्या. फक्त धुऊ नका."

पहिली काच टेबलावर आली. मी फोकस लावला. टेक्निशियन माझ्या खुर्चीमागे उभे, अण्णा दारात. भरपूर सुजेच्या पेशी. वाईट पेशी शोधली, काठाकाठानं शोधली, एकही नाही. आणि मधोमध धारदार, चौकोनी, एकावर एक रचलेले तुकडे. दुसऱ्या काचेवर तेच. सहाही बघितल्या, मग सर्जनला फोन केला. तो दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "बरं, रद्द करतो. पाठवून दे, एक सोनोग्राफी करू आणि औषध सुरू करू. आणि महिन्यानं परत बघू."

"अण्णा," मी म्हटलं, "उद्या कापायचं नाही."

मी खुर्ची सोडून त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं, एक डोळा मिटून बघायला सांगितलं.

"हे माझ्या गाठीतलं?"

"तुमच्याच."

"आन् तुम्ही ती काच ठिवली नसती तर?" त्यांनी मान वर करून टेक्निशियनना विचारलं.

टेक्निशियननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तर उद्या तुमचं ऑपरेशन झालं असतं. व्हायला नको होतं, तरी झालं असतं."

मला वाटलं आता शिव्या येतील. याव्यात असंही वाटत होतं. त्यांनी खिशातून फोन काढला. "उद्यापास्नं माझ्या जागी दुसरा मानूस लावला होता मार्केटवाल्यांनी," ते म्हणाले. "परत येतो का नाय ते कोनी विचारलं नव्हतं. म्याबी सांगितलं नव्हतं. त्यांना कळवतो." त्यांनी नंबर लावला. पलीकडून "बोला अण्णा" ऐकू आलं. "बोला, बोला अण्णा." सकाळपासून शेकडो माणसांच्या डोक्यावरून जाणारा अण्णांचा आवाज घशातच राहिला. त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"हॅलो," मी म्हटलं, "मी त्यांची डॉक्टर बोलतेय. उद्याचा लिलाव अण्णाच पुकारतील."